तीन मीटर वीस

“चाळीस सेंटिमीटर म्हणजे काय सह्याद्री आहे का?” उल्हास म्हणाला.

बैठकीच्या खोलीत जमिनीवर गोधडी पसरली होती आणि तिच्या कडेला तो गुडघे टेकून बसला होता. एका हातात टेप, कानावर पेन्सिल. “एक पट्टी जोडायची. विषय संपला.”

“पट्टी जोडायची तर कडेचे फेरे उसवावे लागतात,” ऊर्मिला म्हणाली. “शिवलेले.”

“मग उसवायचे.”

“मागे साठ सेंटिमीटर वाढवलेत, तेव्हाही उसवले.”

“तेव्हा डेटा अपुरा होता.”

“आणि आता?”

“आता पुरेसा आहे. माझ्याकडे जास्तीत जास्त दोन मीटर साठ जातं. म्हणजे दोन ऐंशीच्या गोधडीत तुला वीस उरतात. हे कमी आहे, मी मान्य करतो. तीन वीस केली की तुला साठ. गेनाऊ, अगदी साठ.”

“साठ म्हणजे टॉवेल झाला.”

“टॉवेल सत्तरचा असतो,” उल्हास म्हणाला. मापाच्या बाबतीत तो कुणाला चुकीचं बोलू देत नसे.

हीटरला खुर्ची चिकटवून बसलेल्या मनोरमाबाईंनी, म्हणजे ऊर्मिलाच्या सासूबाईंनी, जपमाळ खाली ठेवली. “अगं, वाढव की. मोठं पांघरूण घराला बरं असतं. नवराबायकोनं एका पांघरुणात निजावं. पांघरूण वेगळं झालं, की चूल वेगळी व्हायला वेळ लागत नाही.”

“त्स्वाय डेकन,” सोफ्यावरून देवश्री म्हणाली. फोनवरची नजर तिने उचलली नाही. दोन पांघरुणं घ्या, असं ती नाताळपासून म्हणत होती. पंधरा वर्षांच्या मुलीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमधून यायचं, आणि ते जर्मनमधून आलं म्हणून आजीला ऐकू गेलं नाही असं घरात धरलं जायचं. आजीला ते ‘डेकन’ चांगलं कळत होतं.

ऊर्मिलाने कात्री घेतली आणि कडेचा पहिला टाका कापला. जानेवारीचा दुसरा रविवार. बाहेर बर्फ आडवा पडत होता.

पाहायला गेलं तर या भांडणाला बावीस वर्षं होऊन गेली होती, पण पहिली वीस वर्षं ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ऊर्मिला कराडची, बी.कॉम.; आई शाळेत क्लार्क, घरात सोलापुरी चादरी. गोधडी नावाची वस्तू तिने पहिल्यांदा हातात घेतली ती लग्नानंतर सासरी, कोरेगावला. मनोरमाबाईंनीच शिकवलं. जुन्या सुती साड्यांचे थर एकावर एक कसे अंथरायचे, लांब टाके घालून ते कसे धरून ठेवायचे, मग कडेपासून सुरुवात करून धावदोऱ्याचे फेरे घालत घालत मध्यापर्यंत कसं यायचं. “कडेकडून मध्याला,” सासूबाई सांगायच्या, “म्हणजे सुरकुती पळून जायला जागा राहत नाही.” सुनेच्या बाबतीतही त्यांची पद्धत साधारण अशीच होती.

पुढे पुण्यात चाकणच्या कारखान्यात उल्हासची नोकरी. तिथे पांघरूण लागायचं ते डासांपुरतं. मग २००४ साली जर्मनीत, येना शहरात. उल्हासला तिथे भिंगांच्या मशीनचं काम मिळालं आणि त्यांना अकराव्या मजल्यावर एक फ्लॅट मिळाला. पूर्वीच्या कम्युनिस्ट सरकारने बांधलेल्या त्या इमारतीला हायत्सुंग, म्हणजे घर गरम ठेवायची सोय, अशी होती, की जानेवारीत माणसं बनियनवर फिरत. बारा हिवाळे त्या घरात गेले आणि पांघरूण पायाशी घडी होऊन पडलं. म्हणजे लग्नाच्या पहिल्या वीस वर्षांत उल्हासला पांघरूण ओढायची सवय आहे, हे उल्हासला, ऊर्मिलाला, किंबहुना पांघरुणालाही ठाऊक नव्हतं. संसार सुखाचा होता असं म्हणायला हरकत नाही. हवामानही तसंच होतं.

मग उल्हासला निसर्ग सापडला. पंचेचाळिशी ओलांडलेल्या इंजिनियरला निसर्ग सापडला की बायकोने सावध व्हावं. २०१६ मध्ये त्याने थुरिंगियाच्या डोंगरात, सातशे मीटर उंचीवर, काळ्या स्लेटच्या कपच्यांनी मढवलेलं एक घर घेतलं. समोर फरची झाडं, मागे फरची झाडं, दिवसाला चार बस, त्यातली शेवटची पाच चाळीसला. ऑफिस सव्वा तासावर, आठवड्यातले दोन दिवस होमऑफिस. घरात शिरल्या शिरल्या उल्हास पूर्ण जर्मन झाला. रविवारी खिळा ठोकायचा नाही. कचरा चार डब्यांत. रोज सकाळी दहा मिनिटं सगळ्या खिडक्या सताड. निजायच्या खोलीत सोळा अंशांच्या वर तापमान जाऊ द्यायचं नाही आणि खिडकी वरून थोडी तिरपी उघडी ठेवायची, कारण त्याने आरोग्याच्या एका मासिकात तसं वाचलं होतं. लेख लिहिणाऱ्याने बायकोच्या वाट्याला किती पांघरूण येतं याची चौकशी केली नसावी.

पहिल्याच हिवाळ्यात ऊर्मिलाचा उजवा खांदा आखडला. केस विंचरताना हात वर जाईना. गावातल्या डॉक्टरबाईंनी खांदा हलवून पाहिला, ऊर्मिला ओरडली, बाई म्हणाल्या, ऊब द्या आणि नीट झोपा. ऊर्मिला सकाळी सातला गावच्या किंडरगार्टनच्या स्वयंपाकघरात कामाला जायची. चाळीस पोरांचे बटाटे सोलायची. रात्री चारदा उठून पांघरूण परत मिळवायचं आणि सकाळी बटाटे सोलायचे. उल्हासला उठवलं तर तो म्हणायचा, “मी कुठे ओढतो? मी वळतो फक्त.” ते खरंच होतं. तो वळायचा. पांघरूण त्याच्याबरोबर वळायचं. सकाळी तो सुरळीच्या वडीसारखा गुंडाळलेला असायचा आणि म्हणायचा, “काय मस्त हवा आहे इथे!”

तर तिने ठरवलं, गोधडी शिवायची. जड गोधडी अशी सहज सरकत नाही, असा तिचा हिशेब. १ डिसेंबर २०१७ ला सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या, त्या बॅगेत चकल्यांऐवजी नऊ जुन्या साड्या आणि चार धोतरं घेऊन. विमानतळावरच्या माणसाने बॅग उघडायला लावली, तेव्हा सासूबाईंनी त्याला मराठीत सांगितलं, “धुतलेल्या आहेत.” त्याने बॅग बंद केली.

दोन साड्या शेजारी शेजारी जोडल्या, रुंदी दोन वीस. मधे धोतरं, उरलेल्या साड्या, येनाच्या फ्लॅटमधले फ्लॅनेलचे पडदे. डिसेंबरभर ऊर्मिला दुपारी कामावरून आली की फरशीवर बसायची आणि फेरा धरायची. बोटांच्या टोकांना भोकं पडली. खांदा दुखायचा, पण शिवताना हात खालीच असतो, वर न्यावा लागत नाही. हे एक सुख. वर्षाकाठी एवढं एक पुरे.

नाताळच्या सुट्टीत देवश्रीने प्रयोग केला. वापरातल्या दुकानी पांघरुणाच्या बरोबर मध्यावर तिने लाल चिकटपट्टी लावली. तीन दिवस सकाळी पट्टी कुठे आहे ते पाहिलं. तिन्ही दिवस पट्टी बाबांच्या पाठीखाली सापडली. तिने फोटो काढले, तारखा टाकल्या, जेवणाच्या टेबलावर ठेवले. मुलीला वाटलं, आता बाबा ओशाळतील.

उल्हासने फोटो नीट पाहिले, चष्मा लावून. “वुंडरबार, उत्तम,” तो म्हणाला. “हे काम पद्धतशीर आहे.” आणि माप वाढवलं. दोन ऐंशी. त्याच्या धंद्यात मशीन थरथरते म्हणून तिला कोणी रागावत नाही. खालचा पाया रुंद करतात. ऊर्मिलाने अकरा फेरे उसवले, साठ सेंटिमीटरची पट्टी जोडली, पुन्हा अकरा घातले.

याच सुमारास शेजारच्या फ्राऊ क्योलर बर्फावरून घसरल्या आणि त्यांच्या मनगटाला प्लास्टर बसलं. सत्तरी ओलांडलेली बाई. ऊर्मिला आठवडाभर त्यांच्याकडे जाऊन वरकाम करायची. पहिल्या दिवशी चादरी बदलायला ती निजायच्या खोलीत गेली आणि दारातच थांबली. एक पलंग, दोन उशा, दोन पांघरुणं. प्रत्येक पांघरूण तीन घड्या घालून आपापल्या बाजूला, शेजारी शेजारी पण एकमेकांना न शिवता, सोवळ्यात असल्यासारखं.

“तुमच्यात भांडण झालंय का?” ऊर्मिलाने आपल्या जर्मनमध्ये जपून विचारलं.

“कशाबद्दल?”

ऊर्मिलाने पांघरुणांकडे बोट दाखवलं. फ्राऊ क्योलरना समजायला वेळ लागला. मग त्या इतक्या हसल्या की प्लास्टर दुखलं. “शेहेचाळीस वर्षं लग्नाला झाली. एक पांघरूण असतं, तर त्यातली पंचेचाळीस मी तुरुंगात काढली असती.”

चौदा वर्षं जर्मनीत राहून ऊर्मिलाला हे माहीत नव्हतं. कसं असणार? चौदा वर्षांत ती जर्मनांच्या स्वयंपाकघरांत गेली होती, बैठकीत बसली होती, एकदा एका तळघरातही गेली होती. निजायच्या खोलीत कोण नेतं? आणि देवश्री जे म्हणत होती ते तिला पोरीचा आगाऊपणा वाटत होता. त्या रात्री जेवताना तिने विषय काढला. म्हणजे तिला वाटलं होतं तसा सहज नाही निघाला, पोळी मोडता मोडता ती म्हणाली, “क्योलरांकडे दोन पांघरुणं आहेत. प्रत्येकाचं वेगळं. इथे सगळ्यांकडे असतं म्हणे.”

उल्हासचा घास हातात राहिला. “आपण काय जर्मन आहोत?”

ऊर्मिलाने त्याच्या मागे एका ओळीत उभे असलेले कचऱ्याचे चार डबे पाहिले. 

“आणि मुलं किती त्यांना?” सासूबाईंनी विचारलं.

“एक मुलगा. कॅनडात असतो.”

“बघ,” सासूबाई म्हणाल्या. एवढंच. सगळा पुरावा सादर झाला होता.

खरी पंचाईत अशी, की ऊर्मिलालाही ते बोचलं. कराडला त्यांच्या आळीत शशिकांतकाका आणि काकू होत्या. काकूंनी अंथरूण स्वयंपाकघरात नेलं, तेव्हा आळीत महिनाभर दुसरा विषय नव्हता. कुजबुजत बोलायचे लोक, जसं काही कुणी गेलं आहे. वेगळं अंथरूण म्हणजे बोलणं संपलं, असा अर्थ तिच्या हाडात बसलेला. तिचं उल्हासशी बोलणं संपलेलं नव्हतं. उलट बोलायचं बरंच बाकी होतं. म्हणून ती फेरे घालत राहिली.

सात जानेवारीपर्यंत गोधडी अर्धी झाली. उल्हासने चाचणी सुचवली. तीन रात्री ती पलंगावर घातली, सुया काढून. जड गोधडी सरकत नाही हा ऊर्मिलाचा हिशेब पहिल्याच रात्री खोटा ठरला. गोधडी सरकली, फक्त जाताना आवाज न करता गेली. तिसऱ्या सकाळी उल्हासने टेप लावला, ऊर्मिलाच्या अंगावर वीस सेंटिमीटर भरले. ते त्याने वहीत लिहिलं. त्यातून आलं ते हे तीन वीस.

तर रविवारी तिने पुन्हा उसवलं. सोमवार, मंगळवार, बुधवार पट्टी जोडली, फेरे धरले. गोधडी आता खोलीभर झाली होती. खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या. देवश्री सोफ्यावरून दाराकडे जाताना भिंतीला पाठ लावून खेकड्यासारखी चालायची. सासूबाईंना हीटरपाशी पोचवायचं तर गोधडीचं एक टोक दुमडावं लागे.

बुधवारी संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं, उद्या वादळ आहे. नाव फ्रीडरिके. इथे वादळांना नावं असतात. त्या वर्षी वादळांची पाळी बायकांच्या नावांची होती, आणि शांत, निरभ्र हवेला पुरुषांची नावं होती. “हे कोण ठरवतं?” ऊर्मिलाने विचारलं. “बर्लिनचं विद्यापीठ,” उल्हास म्हणाला. “दर वर्षी अदलाबदल करतात. अगदी समान.” तो समाधानाने झोपायला गेला.

गुरुवारी सकाळी अकरापासून वारा सुटला. शाळेने मुलांना घरी पाठवलं, किंडरगार्टनने बायकांना. बाराच्या सुमारास खालच्या रस्त्यावर झाडं पडली आणि बस बंद झाली. रेडिओने सांगितलं, देशभरच्या लांबच्या गाड्या थांबवल्या आहेत. उल्हास होमऑफिसमध्ये होता. पाऊण वाजता इंटरनेट गेलं आणि तो खाली आला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर कुणीतरी गेल्याची कळा होती. मागच्या उतारावरची फरची झाडं एकेक करून आडवी होताना दिसत होती, आवाज नंतर यायचा. सासूबाई पाहत राहिल्या. “ही झाडं कोणी लावली?” त्यांनी विचारलं. “सरळ ओळीत लावली की अशीच पडतात. एकाचा धक्का दुसऱ्याला.”

जेवण झालं आणि वीज गेली. घर गरम करायचं यंत्र तळघरात तेलावर चालायचं, पण ते पेटायला वीज लागायची. उल्हासने दोनदा खाली जाऊन त्याला समजावून पाहिलं. अडीच वाजता बैठकीत चौदा अंश झाले. सासूबाईंचे ओठ निळसर दिसू लागले, तेव्हा ऊर्मिलाने उठून गोधडीतल्या दोन्ही सुया काढून डबीत टाकल्या, खाली गाद्या घातल्या आणि म्हणाली, “सगळ्यांनी आत या.”

चौघं गोधडीत शिरली. एका टोकाला देवश्री, मग ऊर्मिला, मग उल्हास, पलीकडच्या टोकाला भिंतीलगत सासूबाई. तीन मीटर वीस. पाच मिनिटं खूप छान गेली. देवश्रीसुद्धा मराठीत म्हणाली, “गरम आहे.” सासूबाई म्हणाल्या, “कोरेगावला आम्ही सात जण निजायचो एका वाकळीत.” उल्हास म्हणाला, “आल्झो, बघा. मोठी केली म्हणून जमलं.” आणि जेवणानंतर त्याला जे होतं ते झालं, त्याचा डोळा लागला.

तो आधी डावीकडे वळला. देवश्रीचे पाय उघडे पडले; ती उठली आणि कोट घालून सोफ्यावर जाऊन बसली. मग तो उजवीकडे वळला. ऊर्मिलाच्या अंगावरून गोधडी गेली, तिने सवयीने टोक धरलं, सवयीने सोडलं. पलीकडून सासूबाईंचा आवाज आला.

“अरे उल्हास.”

उल्हास आणखी एकदा वळला.

“अरे उल्हास! मेल्या, आईला उघडं टाकतोस?”

सासूबाई भिंतीला टेकून उठून बसल्या होत्या, नऊवारी गुडघ्यांभोवती गोळा करून. त्यांच्या अंगावर गोधडीचा दोरासुद्धा नव्हता. मधे उल्हास शांत गुंडाळलेला, नाक तेवढं बाहेर. खिडकीबाहेर आणखी एक झाड गेलं. ऊर्मिलाही उठून बसली. मधे तो ढीग आणि दोन्ही बाजूंना सासू-सुना, थंडीत, एकमेकींकडे पाहत.

“हे रोज असं?” सासूबाईंनी विचारलं.

“रोज.”

सासूबाईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. गुंडाळलेल्या मुलाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “बापावर गेलाय. ते असेच ओढायचे. थंडीचे दिवस आले की मी पदर दुहेरी करून घ्यायचे.”

ऊर्मिलाने विचारलं, “किती वर्षं?”

“त्रेचाळीस.”

“मग आई, तुम्ही कधी बोलला नाहीत?”

“बोलले असते, तर दोन शिवाव्या लागल्या असत्या,” सासूबाई म्हणाल्या. “शिवणार कोण? मीच.”

सोफ्यावर कोटाच्या आतून देवश्री हसली. ऊर्मिलाला हसू आलं नाही. तिच्या खांद्यात तेव्हा नेहमीची कळ उठली होती आणि ती मोजत होती: अकरा फेरे, पुन्हा अकरा, आता नऊ. चूल कुणाची वेगळी झाली नव्हती. चूल तीच होती, तिच्यापुढे बसणारी बाई तीच होती, आणि आपापल्या गारठ्यात दोघींनी वर्षं काढली होती. एकीने कोरेगावात, एकीने इथे, युरोपातल्या ताज्या हवेत.

आवाजाने उल्हास जागा झाला. आधी नाक, मग चष्मा. एका बाजूला आई, एका बाजूला बायको, दोघी बसलेल्या, दोघी उघड्या. त्याने परिस्थिती समजून घेतली. तो हुशार माणूस होता. त्याला वेळ लागला नाही.

“चार जणांना तीन वीस कमीच पडणार,” तो म्हणाला. “तीन ऐंशी करू. टेप कुठे आहे?”

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

ऊर्मिला उठली. तिने गोधडीचं एक टोक धरून ओढलं. उल्हास तिच्यातून उलगडत उलगडत बाहेर आला आणि गादीवर बनियनवर बसला. तिने गोधडी सपाट पसरली, हाताने सुरकुत्या काढल्या, शिवणाच्या डब्यातला खडू घेतला आणि गुडघ्यांवर मागे सरकत सरकत वरपासून खालपर्यंत मधोमध एक रेघ मारली. फेरे अजून मध्यापर्यंत पोचले नव्हते. रेघ मोकळ्या कापडावरून सरळ गेली.

“अगं, गोधडी कापू नये,” उल्हास म्हणाला. “आई, कापू नये ना गोधडी? अपशकुन असतो ना?”

“मला काय विचारतोस,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे उघडले नव्हते.

ऊर्मिलाने खडू डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि उभी राहिली.

“उद्या सकाळी उजेड आला की ही मधोमध कापायची आहे,” ती म्हणाली. “खिडकीकडची माझी, ती मी शिवणार. दाराकडची यांची, ती हे शिवतील. आई, सुई कशी धरायची ते तुम्ही यांना दाखवा.”